खोक्यातला कागद

सात वर्षांपूर्वी आमच्या घराच्या सोप्यात, दोन्हीकडची माणसे बसलेली असताना, मी खोटे बोललो. ते माझ्या पुतणीच्या चेहऱ्याबद्दल होते. त्या बैठकीत औषधांतले कळणारा मी एकटाच होतो, म्हणून मला विचारले गेले. आणि मी जे सांगितले ते सर्वांनी मानले, तेही त्याच कारणाने. ते खोटे आहे हे माझ्याखेरीज एकाच व्यक्तीला ठाऊक होते. ती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

हे लिखाण माझ्या आजारपणाचे आहे. गेले दीड वर्ष माझ्या चेहऱ्यावर मिरजेला उपचार चालू आहेत आणि आता मी बराचसा बरा आहे. ज्यांच्या चेहऱ्यावर पिंपल्स आहेत, किंवा ती घालवायला जाऊन ज्यांनी माझ्यासारखे काही ओढवून घेतले आहे, त्यांना यातले थोडेफार उपयोगी पडावे एवढा हेतू आहे. मात्र ते खोटे बाजूला ठेवून हे आजारपण सांगता येत नाही. मी तसा प्रयत्न करून पाहिला. दोन पाने झाली आणि पुढे काही सुचेना.

दुकान

उंब्रजला बाजारपेठेत माझे औषधांचे दुकान आहे. गावात मला तात्या म्हणतात. गावाकडच्या मेडिकलवाल्याला लोक अर्धा डॉक्टर समजतात, आणि त्याला स्वतःलाही हळूहळू तसेच वाटू लागते. माझे तेच झाले.

दुकानात एक मलम असे. अशी अनेक मिळतात, म्हणून नाव लिहीत नाही. खाज, नायटा, पुरळ अशा सगळ्यांवर चालणारे ते मिश्रण. त्यात स्टेरॉइड असते. पिंपल्सवर लावले की चार दिवसांत लाली उतरते, कातडी गुळगुळीत होते आणि रंगही उजळतो. गिऱ्हाईक खूश होऊन मैत्रिणीला घेऊन येते. त्याच्या खोक्यावर लाल रेघ असते आणि आत घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो. चेहऱ्यावर लावू नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, फार दिवस वापरू नये, असे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते. मी तो वाचला होता. वाचला होता म्हणूनच ट्यूब देताना मी खोके काढून ठेवत असे. कागद हातात पडला की माणूस चार प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ नव्हती असे नाही.

रिकामी खोकी मी पिशवीत भरून घरी नेत असे. सकाळी अंघोळीचा बंब पेटवायला ती बरी पडत. आतल्या कागदासकट.

स्वाती

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, सैन्यात सुभेदार होते. त्यांची बदली सदैव दूर असे, म्हणून त्यांचे बिऱ्हाड आमच्याच घरात आणि मुलांची जबाबदारी माझ्याकडे असे. स्वाती ही त्यांची मुलगी. बी.एस्सी. झाली त्या वर्षी तिच्या गालांवर आणि हनुवटीवर पिंपल्स फार होती. त्यातच आटपाडीचे स्थळ आले आणि पाहण्याचा कार्यक्रम ठरला. ती दुकानात आली आणि काउंटरला टेकून हळूच म्हणाली की पाहुणे यायच्या आत याला काहीतरी द्या.

मी खोके काढले आणि ट्यूब दिली. दिवसातून दोनदा लाव म्हणालो. महिनाभरात चेहरा असा झाला की तिच्या आईनेच विचारले, पार्लरला गेली होतीस का. पाहुण्यांनी पसंत केले. लग्न होईपर्यंत पाच महिने गेले आणि तेवढे दिवस, एक संपली की दुसरी, ट्यूब माझ्याच हातून जात राहिली. थांब म्हणायला मला पाच महिने होते. पण लग्नाचे फोटो चांगले यावेत असे मलाही वाटत होते.

आटपाडीला गेल्यावर ट्यूब संपली. सासरी ती मागायची तिला लाज वाटली. दोन आठवड्यांत चेहरा लालभडक होऊन उसळला; पूर्वी होती त्याच्या तिप्पट पिंपल्स, वर आग आणि सालपटे. तिसऱ्या महिन्यात तिच्या सासूबाई तिला आणि चार माणसांना घेऊन उंब्रजला आल्या.

त्या बाई कठोर नाहीत, पण बोलायला सडेतोड आहेत. चहा घ्यायच्या आधीच त्यांनी विषय काढला.

"पोरगी दावली एक आन् घरात आली एक. आमी तर काय लावलं न्हाई तिला. तुमी काय लावून दावली तेवढं सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "म्या काय दिल्यालं न्हाई. आताच्या पोरी मोबाइलवर बगून तोंडाला काय बी फासत्यात."

रजेवर आलेले दादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मांडीवर हात ठेवून सांगितले, "माजा भाऊ खोटं बोलायचा न्हाई."

स्वाती दारात होती. तिने माझ्याकडे पाहिले. एवढे वाक्य पुरे होते, "तात्यांनीच दिली." ते ती बोलली नाही. ट्रे घेऊन आत आली आणि पहिला कप माझ्या हातात दिला.

माझा चेहरा

यानंतर मी ते मलम स्वतःला लावू लागलो, हे कोणाला खरे वाटणार नाही. दाढीनंतर मला गळ्यावर आणि गालांवर पुटकुळ्या येत. एकदा दोन दिवस लावून पाहिले, गेल्या. मग पुन्हा आल्या. मला वाटले, आपण जाणकार आहोत, आपल्याला प्रमाण कळते. शिवाय लोक म्हणू लागले की तात्यांचे वय दिसत नाही. असली वाक्ये पन्नाशीतल्या माणसाला किती गोड लागतात ते कबूल करायला हवे. चार वर्षे मी रोज बोटाच्या टोकाएवढे मलम लावत होतो.

मग एकदा मुलाकडे नाशिकला आठ दिवस गेलो आणि ट्यूब घरी राहिली. चौथ्या दिवशी चेहरा तापू लागला. सहाव्या दिवशी गाल, नाक, हनुवटी पिकलेल्या पुळ्यांनी भरली. उन्हात गेलो की मिरची चोळल्यासारखी आग होई. परत आल्यावर लगेच ट्यूब लावली. दोन दिवस शांत झाले आणि नंतर ट्यूब असतानाही उसळू लागले. त्या क्षणी आरशात मला माझा चेहरा दिसला नाही. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात माहेरी आलेली स्वाती दिसली. तरीही मी आणखी पाच महिने तसेच काढले.

दुकानात रुमाल बांधून बसे. धुळीची ॲलर्जी आहे, असे सांगत असे. पत्नी काही दिवस हे पाहत होती. एकदा सकाळी बंबात खोकी घालता घालता तिने एक उचलून माझ्यापुढे धरले आणि शांतपणे विचारले, "ही असली किती खोकी म्या जाळली असतील वो? त्यातली पोरीची किती?" तिला सगळे ठाऊक होते. तिनेही पाच वर्षे ते पोटात ठेवले होते. त्या दिवसापासून मी घरी आणलेले एकही खोके तिने बंबात घातले नाही. ती कोपऱ्यात साठत गेली, आणि आमच्यातले बोलणे कामापुरते उरले.

निदानाचा दिवस

कराड आम्हाला जवळ आहे, पण मी मिरज निवडले. कराडच्या त्वचारोग डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्याच दुकानात येतात. मिरजेत इतके दवाखाने आणि इतके परगावचे रुग्ण की तिथे मला कोणी ओळखणार नाही, असा माझा हिशेब होता.

डॉक्टर तरुण होत्या. भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि चेहऱ्याला काय लावता म्हणून विचारले. मी म्हणालो, काही नाही, साबण.

"किती वर्षे?"

"साबण?"

"नाही काका. ट्यूब."

त्यांनी हसू न आणता विचारले की माझे मेडिकल आहे का. मी विचारले, कशावरून. त्या म्हणाल्या, "बाकीचे लोक खिशातून ट्यूब काढून दाखवतात. मेडिकलवाले शेवटपर्यंत साबणच म्हणतात."

मग त्यांनी समजावले. हा स्टेरॉइडमुळे बिघडलेला चेहरा आहे. कातडी पातळ झाली आहे आणि तिला त्या मलमाची सवय लागली आहे. ते सोडले की पहिले काही आठवडे त्रास वाढेल, तेव्हा घाबरून पुन्हा लावायचे नाही. आधाराला औषधे देते, पण हे काम महिन्यांचे आहे. मी विचारले, पूर्वीसारखा होईल का. त्या म्हणाल्या, बराचसा. तो 'बराचसा' शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो.

निघताना त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "घरात आणखी कुणी लावतं का? किंवा पूर्वी लावलं होतं?"

मी नाही म्हणालो. तो प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता आणि उत्तर मी तेच दिले.

दार उघडून बाहेर आलो. समोरच्या बाकावर, स्टोलने चेहरा झाकलेली, हातात नंबरचा कागद घेतलेली स्वाती बसली होती.

बाक

डोळ्यांवरून मी तिला ओळखले आणि रुमालावरून तिने मला. तिने सरकून जागा केली. मी बसलो. रुमाल थोडा खाली केला, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने एकदा नीट पाहिले.

"किती दिवस लावली, तात्या?"

"चार वर्सं."

"माजी पाचच महिने हुती," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एका आजाराची दोन माणसे बाकावर बसून एकमेकांची लक्षणे ताडून पाहतात, तसे ते होते. तो टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

तिच्याकडून मला पुढचे कळले. पहिली तीन वर्षे तिला डॉक्टरांना दाखवलेच नाही. उष्णता आहे, पोट साफ नाही, तोंड नीट धूत नाही, अशी कारणे निघत गेली. ती दिवसातून सात-आठ वेळा साबणाने तोंड धूत असे; डाळीचे पीठ, लिंबू, हळद, मुलतानी माती, काही ठेवले नव्हते. शेवटी तिच्या नवऱ्याने, अमरने, आईला द्राक्षबागेचे औषध आणायला जातो सांगून तिला मिरजेला आणले. आता चेहरा पुष्कळ निवळला होता. गालांवर बारीक खड्डे आणि उन्हात उमटणारी लाली राहिली होती.

माझा चेहरा तेव्हा आगीने फणफणत होता. तिने पिशवीतून स्वच्छ मलमलचा तुकडा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पिळून माझ्या हातात दिला. "चोळू नगा. नुसता टेकवा."

आजारपणात माणसाला मिळालेली छोटी सुखे लक्षात राहतात म्हणतात. मला तो ओला तुकडा आठवतो. त्यासाठी मी तिचे आभारही मानले नाहीत, कारण एक शब्द बोललो असतो तर बाकीचे शब्दही निघाले असते, आणि त्यांची मला भीती होती.

रोजचे

पुढचे दोन महिने वाईट गेले. चेहरा सुजे, झोप होईना, दुकान मी भाचेजावयाकडे सोपवले. आरशावर पत्नीने न सांगता टॉवेल टाकला. स्वाती एक दिवसाआड दुपारी फोन करी. डॉक्टरांनी कागदावर दिले होते ते तिने मला रोजच्या जगण्यात बसवून दिले. ते इथे लिहून ठेवतो. औषध कोणते आणि किती, हे मात्र ज्याचे त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचे.

तोंड दिवसातून दोनदा धुवायचे, जास्त नाही. अंगाच्या साबणाने नाही, सौम्य फेसवॉशने, तळहाताने, भांडे घासल्यासारखे नव्हे. पुसायला घरातला सामाईक टॉवेल नको. माझ्यासाठी जुन्या धोतराचे चार तुकडे केले, रोज एक धुतलेला. चेहरा ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर. पिंपल्सवाल्याने चेहरा कोरडा ठेवावा असे मीच लोकांना वर्षानुवर्षे सांगत होतो. ते चूक आहे. सकाळी सनस्क्रीन, ढगाळ असले तरी, आणि दुपारी पुन्हा. पिंपल्सचे औषध मिळाले तर ते एकेका पुळीवर टिकली लावल्यासारखे लावायचे नाही. वाटाण्याएवढे घेऊन पातळ पसरायचे, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात हे मनात धरून लावायचे. डोक्याला तेल चोपडून झोपायचे नाही. उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा. पुळी फोडायची नाही. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळ्यांत अवघड तीच असते. लिंबू, टूथपेस्ट, सोडा यांना चेहऱ्याजवळ येऊ द्यायचे नाही. दाढीसाठी मी वस्ताऱ्याऐवजी ट्रिमर घेतला. आमच्या न्हाव्याला त्याचा राग आला, "तात्या, आता चेहरासुद्धा मशिनीवर दिला व्हय?" म्हणाला.

आणि शेवटचे, जे कागदावर नव्हते. एकदा मी विचारले की अजून किती घासू, आत काहीतरी घाण असल्यासारखे वाटते. स्वाती म्हणाली, "तात्या, पिंपल म्हंजी घाण न्हवं. मला हे कळायला तीन वर्सं लागली. तुमी आजच कळून घ्या."

मी फोन ठेवला. तिला ती घाण वाटावी अशी सोय कोणी केली होती, ते मला माहीत होते. मी मोबाइलवर बघून फासतात म्हणालो होतो. तिने काहीतरी केले आहे, हा आरोप त्या घरात माझ्याच तोंडून पहिल्यांदा गेला होता.

त्या वर्षभरात मी तिच्याशी असंख्य वेळा बोललो. फेसवॉशबद्दल, उन्हाबद्दल, अमरच्या द्राक्षांबद्दल. त्या एका गोष्टीबद्दल नाही. तीही काढत नसे. मी मनाशी म्हणत असे की जुने उकरून तिला कशाला दुखवायचे. आता तपासून पाहतो तेव्हा दिसते की त्या वाक्यात 'तिला' हा शब्द चुकीचा होता.

फोन

चेहरा निवळू लागला होता, दुकानातून ते मलम मी काढून टाकले होते, डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय तसले काही द्यायचे बंद केले होते. आणि एवढे केले की पुरे, असे मला वाटू लागले होते. तेव्हा आटपाडीहून स्वातीच्या सासूबाईंचा फोन आला.

त्यांची धाकटी मुलगी पूजा एकवीस वर्षांची. तिला विट्याचे पाहुणे पुढच्या महिन्यात बघायला येणार होते आणि तिच्या कपाळावर, गालांवर पिंपल्स होती. बाईंनी इकडची-तिकडची विचारपूस केली नाही.

"तात्या, तवा तुमी न्हाई म्हणला, आमी मानलं. पर कुठनं तरी ट्यूब आणलीच हुती की न्हाई तिनं? तुमी औषधवालं, तुमाला ठावं असंल. स्वातीच्या लग्नाचा फोटू बगा कसा आलाय. पूजाचं तसं करून द्या."

मी म्हणालो, त्याचे पुढे काय होते ते तुम्ही पाहिले आहे.

"पुढचं पुढं बगू. पोरगी एकदा उजवली म्हंजी झालं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "स्वाती म्हणती लावू नगा. तिचं त्वांड गेलं, आता दुसरीचं बरं व्हावं असं तिला कशाला वाटंल? तुमी सांगा कंची ती. न्हाईतर हितल्या मेडिकलातनं आणती."

मी उद्या कळवतो म्हणालो.

स्वातीला सगळे माहीत होते. पूजाला वाचवायचे तर तिने एकच गोष्ट सांगायची होती, ती ट्यूब कोणाच्या हातून आली आणि त्या हाताला काय ठाऊक होते. ती सांगायची तर चुलत्याला भरल्या घरात खोटे पाडावे लागले असते. म्हणून ती फक्त 'लावू नका' म्हणत राहिली, आणि मत्सरी ठरली. तिच्या शब्दाला त्या घरात किंमत नव्हती. माझ्या शब्दाला अजून होती, आणि ती मी एका खोट्यावर टिकवली होती.

फोनवर नुसते 'वाईट असते, लावू नका' म्हणता आले असते. मी तसा विचारही केला, हे लपवत नाही. पण ते तर स्वातीही म्हणत होती. लाल रेघ असलेले दुसरे खोके आटपाडीत उघडायला एक दिवसही लागला नसता.

कोपऱ्यात पत्नीने साठवलेली खोकी होती. त्यातले एक मी उचलले. आतला कागद घडीसकट शाबूत होता.

विट्याच्या पुढे

दादा आता निवृत्त होऊन घरीच असतात. मी त्यांना आटपाडीला चला म्हणालो. कशासाठी ते सांगितले नाही. गाडी त्यांनीच चालवली. विटा मागे पडले, ऊस संपला, बाभळी सुरू झाल्या, तेव्हा मी सांगितले. ट्यूब, पाच महिने, कागद, बैठक. जसे इथे लिहिले आहे तसेच, काही न वगळता.

दादांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, बाटलीतले पाणी तोंडावर मारले आणि पाठ करून उभे राहिले. मी उतरलो नाही. कितीतरी वेळाने ते आले, दार धरून म्हणाले, "त्या बैठकीत म्या तुजी साक्ष दिली हुती."

मी मान हलवली.

"पोरगी तवा माझ्याकडं बगत हुती. मला वाटलं, शरमून बगतीया." ते आत बसले. किल्ली फिरवायच्या आधी एवढेच म्हणाले, "तितं मी तुज्या बाजूनं एक शब्द बोलणार न्हाई. तू बोल."

आटपाडी

सोप्यात सासूबाई, अमर आणि पूजा होती. पूजाच्या कपाळावर नुकत्याच लावलेल्या कसल्या तरी पिठाची पुटे दिसत होती. बाईंना वाटले मी ट्यूब घेऊन आलो आहे. पिशवीकडे पाहून त्यांनी पूजाला पुढे बसवले. स्वाती पाणी देऊन दारात जाऊन उभी राहिली. सात वर्षांपूर्वी आमच्या घरी उभी होती, तशीच.

मी रुमाल आणला नव्हता. चेहऱ्यावरच्या खुणा सगळ्यांना दिसत होत्या. मी अमरला म्हणालो की स्वातीला आत येऊन बसायला सांगा, आज मी तिच्यासाठी आलो आहे. ती आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. दादा भिंतीला टेकून खाली पाहत होते.

मी खोके काढले, कागद उलगडला आणि त्या बारीक इंग्रजी अक्षरांतली तीन वाक्ये मराठीत वाचली. सासूबाईंनी विचारले, "हे आदी ठावं हुतं तुमास्नी?" मी हो म्हणालो. त्या काही बोलायच्या आत पूजाने ओढणीने कपाळ पुसले.

मग मी स्वातीकडे वळलो. वाटेत मनात पुष्कळ वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही आठवले नाही. घरात बोलतो तसेच बोललो.

"स्वाती, ती ट्यूब म्या दिली हुती. कागद वाचून दिली हुती. त्या दिशी सगळ्यांपुढं म्या न्हाई म्हणालो, ते खोटं हुतं. तू मोबाइलवर बगून काय बी फासलं म्हणालो, ते बी खोटं. तू माजी लाज राखलीस आन् म्या तुज्यावर ढकलून मोकळा झालो. तुजं काय बी चुकलं न्हवतं, पोरी. माजं चुकलं. मला माफ कर."